ऱ्योगोकूच्या कोकुगिकानात सुमोचा दिवस : कुठे बसावे, किती वाजता जावे

तोक्योतल्या ऱ्योगोकू कोकुगिकानात सुमो बघायला येणारे पुष्कळ परदेशी प्रेक्षक दुपारी चारला आत शिरतात आणि सहाला बाहेर पडतात. तिकीट असते पूर्ण दिवसाचे. पहिली लढत सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास लागते, शेवटची संध्याकाळी सहाच्या जरा आधी संपते. यातले शेवटचे दोन तास सर्वांत गाजणारे, हे खरे. पण सुमो समजून घ्यायचा असेल आणि पैसे वसूल व्हायचे असतील, तर दुपारी एक ते पावणेचार हा काळ अजिबात चुकवू नये. म्हणून सल्ला आधीच सांगून टाकतो : दुसऱ्या मजल्यावरची खुर्ची घ्या आणि एकच्या आत जागेवर बसा. खाली जमिनीवर बसायचा महागडा चौकोन घेऊन चारला पोचणाऱ्यापेक्षा तुम्हाला जास्त सुमो बघायला मिळेल, तोही कमी पैशांत.

व्यावसायिक सुमोच्या वर्षाला सहा मुख्य स्पर्धा होतात. त्यांना होन्बाशो म्हणतात. जानेवारी, मे आणि सप्टेंबर तोक्योत, मार्च ओसाकात, जुलै नागोयात आणि नोव्हेंबर फुकुओकात. हे सहाचे गणित १९५८ पासून चालू आहे. प्रत्येक स्पर्धा एका रविवारी सुरू होते आणि १५ दिवसांनी, तिसऱ्या रविवारी संपते. तोक्योतल्या तिन्ही स्पर्धा कोकुगिकानातच होतात. आजची इमारत जानेवारी १९८५ मध्ये उघडली आणि तिथे सुमारे ११,००० प्रेक्षक बसतात. पोचणे सोपे आहे. आकिहाबाराहून जेआर सोबू मार्गाची पिवळ्या पट्ट्याची लोकल पकडायची, दुसऱ्या स्थानकावर उतरायचे, पश्चिमेच्या दाराने बाहेर पडायचे. दोन मिनिटांत हिरव्या छपराची इमारत समोर येते. ओएदो भुयारी मार्गाचे ऱ्योगोकू स्थानक वेगळे आहे, तिथून पाचेक मिनिटे जास्त चालावे लागते.

खरी अडचण तिकिटाची. सर्वसाधारण विक्री स्पर्धेच्या साधारण महिनाभर आधी, जपानी वेळेनुसार सकाळी दहाला सुरू होते. म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसहा. शनिवार-रविवारची तिकिटे त्याच सकाळी संपतात आणि गेल्या काही वर्षांत कामाच्या दिवसांचीही लवकर संपू लागली आहेत. सुमो असोसिएशनच्या अधिकृत तिकीट संकेतस्थळाचे इंग्रजी पान आहे. त्यावर आधीच खाते उघडून ठेवावे आणि कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत की नाही हे बँकेकडून तपासून घ्यावे. भारतीय कार्डांवरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये बहुतेकदा बंदच असतात आणि ऐन वेळी पैसे अडकून जागा हातची जाते. मध्यस्थांची संकेतस्थळे छापील किमतीवर बरीच भर घालतात. सहलींच्या गटतिकिटातही तीच गत : दुपारी दोन-अडीचला भेटायचे, तासभर माहिती ऐकायची आणि मग आत जायचे. ज्यांना पहिल्यांदाच सगळे समजावून हवे आहे त्यांना ते चालेल. पण दुपारचा उत्तम भाग त्यात जातो.

आता जागांविषयी, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

दोह्योला, म्हणजे मातीच्या आखाड्याला, अगदी लागून असलेल्या जागा तामारी नावाच्या. जमिनीवर एक पातळ उशी, बाकी काही नाही. किंमत साधारण २०,००० येन. इथे खायला-प्यायला बंदी, फोटो काढायला बंदी आणि १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. कारण साधे आहे : दीडशे किलोचा पैलवान उंच ओट्यावरून थेट तुमच्या मांडीवर येऊ शकतो आणि अधूनमधून येतोही. टक्कर होते तो आवाज इथे छातीत ऐकू येतो. मात्र मान सतत वर करून बघावे लागते, आणि ग्योजी म्हणजे पंच मध्ये आला की पायांची हालचाल दिसत नाही. सुमोत पायच बघायचे असतात.

त्यामागे मासु, म्हणजे लोखंडी नळ्यांनी आखलेले चौकोन. एका चौकोनात चार उशा, बाजू जेमतेम सव्वा मीटरहून जरा जास्त. बूट काढून बसायचे. चार जपानी आजीआजोबांना ही जागा पुरत असेल. चार धडधाकट माणसांना पुरत नाही. मांडी घालून बसायची सवय असलेल्या आपल्या लोकांनाही तासाभराने पाय कुठे पसरावे हा प्रश्न पडतो, कारण समोर नळी आणि मागे दुसऱ्याचा गुडघा. शिवाय चौकोन सहसा अख्खाच विकला जातो. दोघांनी चौघांचा चौकोन घेतला तर मजा आहे, पण मग खर्च दुप्पट. दोघांसाठीचे चौकोनही काही ठिकाणी असतात; मिळाले तर तेच घ्यावेत. मासुचे अ, ब, क असे भाव आहेत आणि त्यांत फरक फक्त अंतराचा. सर्वांत मागच्या मासुत बसून, पाय आखडून, पुढच्यांच्या डोक्यांवरून बघण्यात काही अर्थ नाही. पैसे आहेत, गुडघे चांगले आहेत आणि पुढच्या ओळी मिळत आहेत, तरच मासु.

दुसऱ्या मजल्यावर खुर्च्या. कोकुगिकानाचे वरचे टप्पे चांगले तीव्र उताराचे आहेत आणि मध्ये एकही खांब नाही, त्यामुळे शेवटच्या ओळीतूनही पूर्ण दोह्यो दिसतो. स्वस्तातली जागा काही हजार येनांत मिळते. वरून बघताना ४.५५ मीटर व्यासाचे वर्तुळ एका नजरेत मावते. कोण कडेला गेला, कुणाची टाच कडेच्या पेंढ्याच्या गाठोड्यांवर, म्हणजे तावारावर, टेकली हे खालच्यापेक्षा नीट कळते. ८ पट मोठे दाखवणारी दुर्बीण सोबत असली की चेहऱ्याचीही उणीव राहत नाही. आणखी एक गोष्ट वरच्यांनाच जवळून दिसते : छताखाली चारी बाजूंनी टांगलेली, मागच्या स्पर्धांच्या विजेत्यांची ३२ भव्य चित्रे. नवे चित्र लागते तसे सर्वांत जुने उतरते.

बाजू कुठली घ्यावी? उत्तरेकडची बाजू शोमेन, म्हणजे समोरची. ग्योजीचे तोंड तिकडे असते, टीव्हीचा मुख्य कॅमेरा तिथूनच दाखवतो, पूर्वेचा पैलवान डावीकडे दिसतो. म्हणून तिला मागणी जास्त. तिच्या नेमकी समोरची बाजू मुको-जोमेन. तिथून ग्योजीची पाठ दिसते आणि कधीकधी निर्णायक क्षण त्याच्या झग्याआड जातो. पूर्व आणि पश्चिम या दोन बाजू मला सर्वांत जास्त पटतात : दोघांची टक्कर तिथून एका रेषेत येते, त्यामुळे कोण सरळ धडकला आणि कोण बाजूला सरकला हे लगेच कळते. जागा निवडता येत असेल तर पूर्व किंवा पश्चिम, वरच्या मजल्याच्या पहिल्या काही ओळी. दोह्योवर टांगलेल्या छपराच्या चार कोपऱ्यांना चार रंगांचे गोंडे आहेत : हिरवट-निळा, लाल, पांढरा, काळा. दृष्टी अडते म्हणून १९५२ मध्ये चारही खांब काढले, छप्पर वरून टांगले आणि खांबांची आठवण म्हणून हे गोंडे ठेवले. कुठल्या बाजूला बसलोय याचा गोंधळ झाला तर गोंडे बघावेत : लाल आग्नेयेला, पांढरा नैर्ऋत्येला, काळा वायव्येला, हिरवट ईशान्येला.

दिवस कसा चढत जातो ते आता बघू. सर्वांत खालचा गट जोनोकुची, मग जोनिदान, सान्दानमे, माकुश्ता, जूऱ्यो आणि सर्वांत वर माकुउची. सकाळी प्रेक्षक अगदी थोडे असतात. हाका, पायांचे आपटणे, ग्योजीची कोवळ्या आवाजातली घोषणा, सगळे स्पष्ट ऐकू येते, कारण खालच्या गटांना पंचही शिकाऊ असतात, अनवाणी आणि पोटऱ्या उघड्या. या लढती भराभर होतात. आखाड्यात मीठ टाकणे नाही, लांबलचक तयारी नाही. माकुश्ता आणि त्याखाली तयारीला दोन मिनिटांची मर्यादा आहे आणि ती क्वचितच वापरली जाते. पूर्ण दिवस बसण्याची हौस नसेल तर सकाळ सोडायला हरकत नाही. रिकाम्या पुढच्या जागांवर जाऊन बसण्याचा मोह मात्र टाळावा. ज्याची जागा आहे तो येऊन उठवतो आणि दोघांनाही अवघडल्यासारखे होते.

एकनंतर माकुश्ताचा टप्पा सुरू होतो. इथे डोळे उघडे ठेवावेत. माकुश्तात १२० पैलवान. त्यांना पगार नाही, स्पर्धेमागे थोडासा भत्ता आणि तालमीत राहणे-खाणे. त्याच्या एक पायरी वर जूऱ्योत २८ पैलवान आणि तिथे महिना ११ लाख येन पगार, स्वतःची खोली, रेशमी मावाशी म्हणजे लढतीचा लंगोट, हाताखाली मदतनीस, सेकितोरी हा मान. एका पायरीत आयुष्य बदलते. वरून घसरलेले आणि खालून चढू बघणारे इथेच भिडतात, म्हणून माकुश्ताच्या शेवटच्या पाच लढती इतक्या अटीतटीच्या होतात. माकुश्ता आणि खालच्यांना १५ दिवसांत फक्त सातच लढती मिळतात. एक हरणे म्हणजे किती मोठी किंमत, हे त्यावरून समजावे. वरच्या माकुश्ताचा एखादा पैलवान जूऱ्योवाल्याशी लढायला बोलावला जातो तेव्हा त्याचे केस एरवीच्या साध्या बुचड्याऐवजी गिंको झाडाच्या पानासारख्या पसरट ओइचोत बांधलेले असतात आणि त्याला मीठही टाकायला मिळते. त्या मुलाकडे दुर्बिणीतून जरूर बघावे.

या शेवटच्या पाच लढतींच्या आधी, साधारण सव्वादोनला, जूऱ्योचा दोह्योइरी, म्हणजे आखाड्यात प्रवेशाचा विधी, होतो : नक्षीदार केशोमावाशी, म्हणजे पुढे झूल असलेला लंगोट, नेसलेले पैलवान वर्तुळ करून उभे राहतात. त्याच सुमारास इमारतीच्या दक्षिण दाराबाहेर किमोनो घातलेले सेकितोरी चालत येताना दिसतात आणि त्यांचे चाहते रांग लावून टाळ्या वाजवतात. योकोझुना आणि ओझेकी, म्हणजे सर्वांत वरच्या दोन पदांचे पैलवान, मात्र मोटारीने थेट तळघरात जातात, त्यांची वाट बघत उभे राहू नये. दारावर जायचे असेल तर पुन्हा आत येण्याचा नियम आधी दारावरच्या माणसाला विचारावा. साधारणपणे एकदाच बाहेर जाऊन परत येऊ देतात.

पावणेतीनच्या आसपास जूऱ्योच्या १४ लढती. तयारीला तीन मिनिटे. मग पावणेचारला माकुउचीचा दोह्योइरी, पूर्वेचे आणि पश्चिमेचे वेगवेगळे, आणि लगेच योकोझुनांचे. २०२५ मध्ये आधी होशोऱ्यू ७४ वा आणि काही महिन्यांनी ओनोसातो ७५ वा योकोझुना झाला. दोघांचाही ढंग उन्ऱ्यू नावाचा : पाठीवरच्या जाड दोराला एकच फास, आणि खाली बसून वर येताना एक हात कमरेशी, दुसरा बाजूला पसरलेला. दुसऱ्या ढंगात, शिरानुईत, फास दोन आणि दोन्ही हात पसरलेले. योकोझुनाच्या पुढे एक पैलवान आणि मागे तलवार घेतलेला एक, अशी तिघांची मिरवणूक असते. पाय वर जाऊन खाली आपटला की हजारो लोक एकदम ‘योइश्यो’ म्हणून ओरडतात. हे सगळे दीड-दोन मिनिटांचे आहे. नेमक्या त्याच वेळी स्वच्छतागृहात गेलात तर पुन्हा दिसत नाही. पोट आणि पाय मोकळे करायचे असतील तर जूऱ्योच्या मधल्या लढतींत करून घ्यावेत, कारण दोह्योइरी संपताच मध्यंतर होते आणि सगळी रांग तेव्हाच लागते.

सव्वाचारच्या आसपास माकुउची. ४२ पैलवान, २१ लढती. कुणी जखमी असेल तर कमी. तयारीला चार मिनिटे. नवख्या माणसाला हीच चार मिनिटे कंटाळवाणी वाटतात, आणि खरे तर त्यांतच लढत शिजत असते. पैलवान दोन्ही पांढऱ्या रेषांपाशी वाकतात, नजर भिडवतात, उठतात, कोपऱ्यात जाऊन मीठ घेतात, परत येतात. या दोन रेषांमधले अंतर ७० सेंटिमीटर. वेळ संपल्याची खूण मिळाली की मदतनीस टॉवेल देतो. पैलवानाने चेहरा आणि काख पुसली की आता लढत होणार हे नक्की. हा टॉवेल दिसला की फोन खाली ठेवावा. पुष्कळ लढती दहा सेकंदांच्या आत संपतात आणि फोन वर करेपर्यंत एक जण खाली असतो.

कुस्ती बघणाऱ्या माणसाने दोन गोष्टी डोक्यातून काढाव्यात. इथे चीतपट नाही, पाठ टेकवायची गरज नाही. पायाच्या तळव्याखेरीज शरीराचा कुठलाही भाग मातीला लागला किंवा वर्तुळाबाहेर काहीही टेकले की लढत संपली. एक बोट पुरते. आणि वजनाचे गट नाहीत : १२० किलोचा आणि १८० किलोचा एकाच वर्तुळात. म्हणूनच लढत टक्करीत, ताचिआइत, निम्मी ठरते. कोण खाली घुसला, कुणाचे ढुंगण वर राहिले, कुणाचा हात समोरच्याच्या मावाशीपर्यंत पोचला, या तीन गोष्टी पहिल्या सेकंदात बघाव्यात. खेचणारा, मागे पाय टाकणारा बहुतेक वेळा हरतो, कारण मागे वर्तुळाची कड आहे. डावांची अधिकृत यादी ८२ ची आहे. त्यांतले मावाशी धरून रेटत नेणे, म्हणजे योरिकिरी, आणि छातीवर तळहात लावून ढकलून काढणे, म्हणजे ओशिदाशी, हे दोनच सर्वांत जास्त दिसतात. ते ओळखता आले तरी दिवस समजतो. लढत संपल्यावर डावाचे नाव ध्वनिक्षेपकावरून जाहीर होते.

निकालाविषयी शंका आली तर काळ्या किमोनोतले पाच परीक्षक दोह्योवर चढतात. याला मोनोइइ म्हणतात. त्यांच्या प्रमुखाच्या कानात चित्रफितीच्या खोलीतून सूचना येते आणि तो निकाल स्वतः माइकवर सांगतो. ग्योजीचा कौल कायम, उलट, किंवा पुन्हा लढत : तीनच शक्यता. जपानी येत नसले तरी प्रेक्षकांच्या आवाजावरून कळते. पुन्हा लढत म्हटले की आरोळी उठते. ग्योजीचा कौल उलटला तर त्याच्या नोंदीत ते जाते. सर्वांत वरचे दोन ग्योजी कंबरेला कट्यार लावतात. चुकीचा कौल दिला तर पोट फाडायची तयारी, असा तिचा अर्थ सांगतात.

शेवटच्या लढतींआधी जाहिरातींचे झेंडे दोह्योभोवती फिरतात. एका झेंड्याचे कंपनीकडून ७०,००० येन. जिंकणाऱ्याला त्यांतला काही भाग लगेच पाकिटात मिळतो, काही कर वगैरेंसाठी असोसिएशनकडे ठेवला जातो आणि १०,००० खर्चापोटी कापले जातात. ग्योजीच्या पंख्यावरून जाडजूड पाकिटांचा गठ्ठा उचलताना पैलवान उजव्या हाताने हवेत तीन खुणा करतो. झेंडे मोजले की कुठल्या लढतीची किती उत्सुकता आहे हे कळते.

पैलवान ओळखायचे कसे? भिंतीवरच्या फलकावर नावे कांजीत असतात आणि जिंकलेल्याच्या नावाशी लाल दिवा लागतो. दारावर त्या दिवसाच्या लढतींचा कागद मिळतो; इंग्रजीतला मागून घ्यावा आणि फलकाशी क्रम जुळवत जावे. त्याहून सोपा उपाय मावाशीचा रंग. आदल्या संध्याकाळी एनएचके वर्ल्डवर ‘ग्रँड सुमो हायलाइट्स’ बघितले तर दहा-बारा रंग लक्षात राहतात आणि वरच्या मजल्यावरूनही माणूस लगेच ओळखता येतो. दुसऱ्या दिवशीची माकुउचीची यादी आदल्या दिवशीच ठरते, त्यामुळे तयारी करून जाता येते.

खाण्याचे बघू. कोकुगिकानाची खासियत याकितोरी : कोंबडीचे पाच काड्यांचे खोके, तीन काड्या मांसाच्या आणि दोन खिम्याच्या गोळ्यांच्या. ती इमारतीच्या तळघरातच भाजली जाते. कोंबडी दोन पायांवर उभी राहते, हात टेकत नाही, म्हणून सुमोत शुभ. ती गार खायची असते आणि गार असूनही उत्तम लागते; सोयाचा गोडसर रस आत मुरलेला असतो. दुपारनंतर ती संपू शकते, आल्याबरोबर घ्यावी. तळघराच्या दालनात दुपारी चान्को मिळते, पैलवानांचे कालवण, वाटीला काही शे येन. कृती एखाद्या तालमीची असते आणि स्पर्धेगणिक बदलते. मीठ-कोंबडीची, मिसोची, सोयाची, जी असेल ती. बाराच्या पुढे रांग वाढते आणि चारनंतर मिळेलच असे नाही. उभ्याने खायची, सुट्टे पैसे बरोबर ठेवावेत.

शाकाहारी मंडळींसाठी इथे जवळजवळ काही नाही हे स्पष्ट सांगायला हवे. चान्कोत भाज्या भरपूर दिसतात पण रस्सा कोंबडीचा किंवा मासळीचा, मिसोच्या सूपमध्येही सुक्या बोनितो माशाचा अर्क. भाज्यांचे म्हणून विकले जाणारे खोकेही याच अर्कात शिजवलेले असते. उकडलेल्या सोयाच्या शेंगा, एदामामे, आणि मोनाका आइस्क्रीम, एवढ्यावर सहा तास निघत नाहीत. स्थानकाजवळच्या दुकानातून आंबट आलुबुखाराची, उमेबोशीची ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, घेऊन पोटभर खाऊनच आत जावे.

मासुचे तिकीट जुन्या चहाघरांमार्फत घेतले तर हाकामा घातलेला देकाता, म्हणजे वाढपी, जागेपर्यंत नेतो आणि चहा, याकितोरी, बेंतो, मिठाई, आठवणीच्या वस्तू अशी पिशवी मिळते. अशी २० चहाघरे इमारतीतच आहेत. सेवा फार नम्र, पण हा खर्च तिकिटाहून वेगळा असतो आणि वाढप्याला वेगळे देण्याचीही रीत आहे. कंपन्या पाहुण्यांना घेऊन येतात ते याच वाटेने. दोन माणसांनी हौसेने सुमो बघायला जाताना त्याची गरज नाही.

या दिवसाच्या उणिवाही आहेत, त्यांतल्या काही गंभीर. दोह्यो ६० सेंटिमीटरच्या आसपास उंच ओटा आहे, त्याला कठडा नाही; कडेवरून पडणारा पैलवान थेट खाली कोसळतो आणि गुडघे, खांदे जायबंदी होतात. मार्च २०२१ च्या स्पर्धेत सान्दानमे गटाचा हिबिकीऱ्यू डोक्यावर पडला आणि महिन्याभराने त्याचा मृत्यू झाला. उपचार आखाड्यालगत तत्काळ मिळायला हवेत, यात परंपरेचा काही संबंध नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बायकांनी दोह्योवर पाय ठेवायचा नाही हा नियम. एप्रिल २०१८ मध्ये माइझुरू इथल्या दौऱ्यात आखाड्यात कोसळलेल्या महापौरांना वाचवायला धावलेल्या महिलांना ध्वनिक्षेपकावरून खाली उतरायला सांगितले गेले. असोसिएशनला माफी मागावी लागली, नियम तसाच आहे. सुमोवर प्रेम असणाऱ्यांनीच हे बोलायला हवे.

दिवस कोणता निवडावा? पहिल्या आठवड्यात योकोझुनांसमोर खालच्या क्रमांकाचे पैलवान येतात, धक्कादायक निकालाची शक्यता तेव्हा जास्त. असा निकाल लागला की उशा हवेत उडतात. त्याला बंदी आहे आणि उशी मानेवर लागली तर इजा होते, म्हणून डोके सांभाळावे आणि आपली उशी टाकू नये. दुसऱ्या आठवड्यात वरचे एकमेकांशी भिडतात आणि १५ पैकी आठ विजयांची, काचिकोशीची, धडपड सुरू होते. १५ व्या दिवशी ७-७ वर असलेल्या पैलवानाची लढत पाहण्यासारखी. माझी पसंती १३ व्या दिवसाला, म्हणजे दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारला : माकुश्ता आणि खालच्या गटांत सहापैकी सहा जिंकलेले दोघे बहुधा त्या दिवशी समोरासमोर येतात आणि विजेता ठरतो. फक्त १३ व्या दिवसापासून सकाळच्या लढती उशिरा सुरू होतात, तेव्हा साडेआठला जाऊन उभे राहू नये. शेवटचा रविवार करंडकाचा, राष्ट्रगीताचा, बरोबरी झाली तर फेरलढतीचा. तिकीट मिळणे सर्वांत कठीण आणि सगळा कार्यक्रम अर्धा तास आधी सरकतो. नेहमीच्या वेळेवर पोचलात तर दोह्योइरी हुकेल.

शेवटची लढत संपताच निम्मे प्रेक्षक दाराकडे धावतात. बसून राहावे. एक पैलवान धनुष्य घेऊन येतो आणि ते फिरवतो, हा युमितोरी विधी दोन-तीन मिनिटांचा आहे आणि रोज होतो. तो बघून निघाले तरी फलाटावर गर्दी असतेच. ओएदो मार्गाने जाणाऱ्यांना ती कमी लागते. जवळचे एकोइन मंदिर, जिथे १८३३ पासून १९०९ पर्यंत स्पर्धा भरत, दुपारी आत जाण्याआधीच बघून घ्यावे. इमारतीतले सुमो संग्रहालय छोटे आहे, तिकीटधारकांना फुकट. वीस मिनिटे पुरतात.

तोक्योचे तिकीट हुकले आणि प्रवासाच्या तारखा लवचीक असतील तर नोव्हेंबरचे फुकुओका बघावे. सभागृह लहान, खालच्या जागा दोह्योला जास्त जवळ, आणि पैलवान रस्त्यात, देवळांच्या आवारात, दुकानांत सहज दिसतात. जुलैचे नागोया २०२५ पासून नव्या आयजी अरीनात भरते. तिथले वातानुकूलन चांगले आहे, पण बाहेर उकाडा इतका असतो की स्थानकापासून चालतानाच घाम निघतो. पाण्याची बाटली आणि टोपी हवीच.